वळणावरचा पिवळा पट्टा

दवाखान्याच्या तळमजल्यावर, लिफ्टच्या शेजारच्या बिनखिडकीच्या खोलीत, एक्स-रेबाईंचं निम्मं आयुष्य लोकांना "हलू नका" असं सांगण्यात गेलं होतं. मोडलेलं मनगट सावरत कुणी येवो, नाहीतर छातीत कफ भरलेले आजोबा येवोत, बाई त्यांना फळीला टेकवून उभं करणार, हनुवटी वर करायला लावणार, काचेआड जाणार आणि म्हणणार, "श्वास घ्या. धरून ठेवा. हलू नका." हलणाऱ्या माणसाचा त्यांना मनस्वी राग होता आणि तो त्या लपवतही नसत. एकदा दवाखान्याचे मोठे डॉक्टर जिन्यात घसरून पडले, तेव्हा त्यांनाही बाईंनी सुनावलं होतं, "साहेब, नाचायचं असेल तर बाहेर जाऊन नाचा." साहेब मुकाट्याने स्थिर उभे राहिले.

अशा या बाई वर्षातून एका रविवारी पहाटेच उठून धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या एका वळणावर जाऊन उभ्या राहत, आणि जे क्षणभरही थांबत नाही त्याचेच फोटो काढत. दवाखान्यात हे कुणाला पटत नसे. पण माणसाचं असंच असतं. सहा दिवस ज्याचा वैताग, सातव्या दिवशी त्याचंच वेड.

ती शर्यत म्हणजे काही टीव्हीवर दिसते तसली नव्हे. पळायच्या त्या जुन्या सेडान गाड्या. चार दारं, मागे डिकी, पुढे चकचकीत जाळी. एकेकाळी साहेब लोक ज्यातून ऑफिसला जात आणि सुटीत अख्खं कुटुंब कोंबून ज्या गावाला नेत, तसल्या. मालक म्हणाल तर दाताचे डॉक्टर, औषधाचे दुकानदार, एक निवृत्त न्यायाधीश, दोन गॅरेजवाले. वर्षभर गाडीला पोटच्या पोरासारखं जपायचं, तिच्यावर धूळ बसू द्यायची नाही, आणि त्या एका रविवारी सकाळी रस्ता बंद करून घेऊन तिला जीव खाऊन पळवायचं. त्यात मिळायचं काय, तर एक कप आणि वर्षभर पुरेल एवढी बढाई.

बाईंच्या घरात हे खूळ आलं ते त्यांच्या नणंदेमुळे. नणंदेचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. आठवडाभर ती शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून "क्लच, क्लच, अहो क्लच!" म्हणून ओरडायची, आणि सुट्टीच्या दिवशी वडिलांची जुनी क्रीम रंगाची सेडान काढून सगळी भडास रस्त्यावर काढायची. ती शर्यतीत उतरणार म्हटल्यावर बाईंच्या सासूबाई दोन दिवस तिची समजूत घालत बसल्या. त्यांनी मुलाला फर्मान काढलं, "ती ऐकणार नाही. पण तू तिथे उभा राहा." म्हणून बाईंचे यजमान तिथे जाऊन उभे राहिले, आणि पुढे उभेच राहत गेले.

यजमानांना गावात काटेवाले म्हणत. वजनकाटे दुरुस्त करायचं त्यांचं दुकान होतं. किराणावाले, भाजीवाले, रद्दीवाले, सोनार, सगळ्यांचे काटे त्यांच्या टेबलावर येत. पारडं थरथरायचं पूर्ण थांबेपर्यंत ते बोट लावत नसत, आणि बोलण्यातही तसंच. तुम्ही काही विचारलं, तर आधी आत कुठेतरी वजन होणार, मग उत्तर बाहेर पडणार. गाड्यांत त्यांना काडीचा रस नव्हता. कुठली गाडी कुठल्या कंपनीची हे शेवटपर्यंत सांगता येत नसे. ते रंगावरून ओळखत. पहिल्या वर्षी वळणांवर झेंडा घेऊन उभ्या राहणाऱ्यांपैकी एकाने ऐनवेळी दांडी मारली आणि शर्यत भरवणाऱ्या क्लबच्या सेक्रेटरींनी समोर दिसणाऱ्या या शांत माणसाच्या हातात पिवळा झेंडा कोंबला. पिवळा झेंडा म्हणजे पुढे घोटाळा आहे, हळू या. काटेवाल्यांनी तो एवढ्या गांभीर्याने धरला, की पुढच्या वर्षी सेक्रेटरींनी दुसऱ्या कुणाला विचारलंसुद्धा नाही.

पहिल्या वर्षी बाई आपल्या डबा घेऊन सोबत गेल्या आणि कंटाळून परत आल्या. दुसऱ्या वर्षी घरातला कॅमेरा पिशवीत टाकून नेला. फोटो धुऊन आले, तेव्हा त्यात बहुतेक रिकामा रस्ता होता आणि काहींत नुकत्याच निघून गेलेल्या गाड्यांच्या डिक्क्या. नणंद पोट धरून हसली. "वहिनी, डिक्क्यांचा अल्बम कर. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये लावते. मागून धडकू नये म्हणून."

हे बाईंना झोंबलं. झोंबलं की त्या कामाला लागत. दुपारच्या सुट्टीत दवाखान्याच्या फाटकाशी उभं राहून त्या जाणाऱ्या बसेसचे, सायकलवाल्यांचे फोटो काढायला लागल्या. पहिले काही दिवस बसचालकांना वाटलं ही वाहतूक खात्याची बाई आहे. फाटकापाशी सगळे गुणी मुलांसारखे हळू जायला लागले, आणि बाईंचा सराव बुडाला. पण हळूहळू हाताला कळलं. गाडीवर कॅमेरा रोखून थांबायचं नाही. गाडीबरोबर आपणही कमरेतून वळायचं, वळता वळता बटण दाबायचं, आणि दाबल्यावरही थांबायचं नाही, गाडीला थोडं पुढे पोचवून यायचं. पाहुण्याला फाटकापर्यंत सोडायला जावं तसं. मग गाडी अशी स्वच्छ येते, की चाकाचे नट मोजून घ्यावेत, आणि मागचं सगळं, झाडं, टायरांचे ढीग, माणसं, कंगव्याने विंचरल्यासारखं आडवं होऊन जातं. फोटोत वेग दिसतो तो त्यामुळे.

ते एकदा जमलं आणि बाई पार वाहून गेल्या. वर्षांमागून वर्षं त्याच वळणावर, आतल्या बाजूच्या उंचवट्यावर त्या उभ्या. समोर, रस्त्यापलीकडे, झेंडा गुंडाळून धरलेले काटेवाले. मधून गाड्या. त्यांचे फोटो गॅरेजांत लागले, क्लबच्या कॅलेंडरवर आले, न्यायाधीशांच्या दिवाणखान्यात गेले. नणंदेने तर स्वतःचा एवढा मोठा करून लावला, की शिकायला आलेल्या माणसाने आधी त्यालाच नमस्कार करावा. दर वर्षी शर्यत झाली की बाई जेवणाच्या टेबलावर फोटो मांडत, काटेवाले चष्मा लावून एकेक बघत आणि म्हणत, "हिरवी चांगली आलीय." एवढं बोलले म्हणजे खूप झालं.

मग काटेवाल्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला. दुकानात स्टुलावर बसून चालत होतं, पण वळणावर तासन् तास उभं राहणं जमेना. त्यांनी स्वतःच सेक्रेटरींना कळवलं, की या वर्षीची शेवटची, पुढच्या वर्षी दुसरा माणूस बघा.

सेक्रेटरी पेशाने दाताचे डॉक्टर. ते एका संध्याकाळी घरी आले, चहा घेतला, सवयीने सगळ्यांच्या दातांकडे एक नजर टाकली आणि मुद्द्यावर आले. क्लबच्या हॉलमध्ये एक भिंत आहे. जो कुणी काम सोडतो, मग तो गाडी पळवणारा असो की टायर रचणारा, त्याचा एक फोटो तिथे लागतो. अट एकच. फोटो शर्यतीच्या दिवशी काम करतानाचा हवा. उभं करून, हसवून काढलेला चालत नाही. ही अट पडली एका जुन्या अध्यक्षांमुळे. त्यांनी जन्मात कधी शर्यत केली नव्हती, पण दुसऱ्याच्या गाडीत बसून, डोक्याला हेल्मेट घालून झकास फोटो काढून घेतला आणि स्वतःच भिंतीवर ठोकला. त्यांची पाठ वळल्यावर तो काढायला लोकांनी शिडी आणली होती म्हणतात.

"तर काटेवाल्यांचा एखादा झेंड्यासकट फोटो द्या," सेक्रेटरी म्हणाले. "बाकीचे फोटोवाले सगळे शेवटच्या रेषेवर गर्दी करतात. वळणावर तुम्हीच असता. तुमच्याकडे असेलच."

बाई काही बोलायच्या आत काटेवाले बोलले, आणि तेही वजन न करता. "असेल काय म्हणता? ढीगभर आहेत हिच्याकडे!"

बाईंनी चमकून नवऱ्याकडे बघितलं. या माणसाने आजवर स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. ताटात पडेल ते खाल्लं, शर्ट फाटल्याशिवाय नवा घेतला नाही, वाढदिवस विचारल्यावर आठवायचा. आणि आता भिंतीवरच्या फोटोचं नाव काढल्याबरोबर त्यांची मान अशी ताठ झाली होती, जणू फोटो आत्ताच काढायचा आहे. बाईंना गंमत वाटली, बरंही वाटलं. "आहेत की," त्या म्हणाल्या. "चांगला निवडून देते." आणि त्यांनाही तसंच वाटत होतं.

पुढच्या रविवारी दुपारी काटेवाले गुडघ्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईकडे गेले होते, तेव्हा एक्स-रेबाईंनी कॉम्प्युटर उघडला. पहिला फोटो निघाला हिरव्या गाडीचा. दिव्याची काच, जाळी, चालवणाऱ्याच्या कपाळावरचा घाम, सगळं लख्ख. मागे झाडांचे हिरवे फराटे, आणि त्यात एक पिवळा पट्टा. बाईंनी पुढचा उघडला. निळी गाडी, मागे पिवळा पट्टा. पुढचा. काळी गाडी, पिवळा पट्टा. एकात गाडीच्या टपावर नवऱ्याची टोपी तेवढी दिसत होती, कुणीतरी विसरून ठेवल्यासारखी. एकात नुसता बूट. बाकी जिथे जिथे काटेवाले असायला हवे होते, तिथे तिथे पट्टा. बाई मागच्या वर्षांत गेल्या, त्याच्याही मागच्या वर्षांत गेल्या, माळ्यावरून जुने अल्बम काढले. गाड्या बदलत होत्या, पट्टा तोच होता.

मग त्यांनी लेकीला फोन लावला. लेक दुसऱ्या शहरात, बाळंतपणातून नुकतीच उठलेली. तिला काही फोटो पाठवले.

"यात बाबा कुठेत?" लेकीने विचारलं.

"तो पिवळा पट्टा दिसतोय ना मागे."

"पट्टा? तो पट्टा म्हणजे बाबा?" लेक खो खो हसत सुटली. "अगं आई, तू तर बाबांना खोडरबराने पुसून टाकलंस!" हसता हसता तिच्या लक्षात आलं की आई हसत नाहीये. "आई? अगं, असेल एखादा. नीट बघ ना."

"बघितलं," बाई म्हणाल्या. "नाहीये."

त्यांना स्वतःची लाज वाटली. एवढी वर्षं समोर, हाकेच्या अंतरावर हा माणूस उभा होता. उन्हात उभा होता, पाय दुखत असताना उभा होता, आणि आपण त्याच्यावरून कॅमेरा असा फिरवला, जसं टेबलावरून फडकं. त्यातला एकही फोटो चुकलेला नव्हता, हेच तर दुखणं होतं. हे काटेवाल्यांना सांगायचं म्हणजे कोणत्या तोंडाने? रात्री जेवताना त्यांनी विचारलं, "झाला निवडून?" बाई म्हणाल्या, "चाललंय. घाई कशाला?" आणि ताटात बघत राहिल्या.

शर्यत आठवड्यावर आली होती. काटेवाल्यांची वळणावरची ती शेवटची खेप, म्हणजे बाईंना मिळणारी शेवटची संधी. त्या दिवशी झेंड्यासकट, कामावर असताना, एक तरी स्पष्ट फोटो पाहिजे. नाहीतर भिंतीवर पट्टा लावायची पाळी.

खरं तर सोपं होतं. कॅमेरा नवऱ्यावर रोखायचा आणि हलवायचा नाही. गाडी गेली फराट्यासारखी तर जाऊ दे. बाईंनी आयुष्यभर दुसऱ्यांना जे सांगितलं तेच एक दिवस आपण करायचं होतं. खात्री म्हणून त्यांनी तीन पायांचा स्टँडही बरोबर घेतला. त्यावर कॅमेरा आवळून बसवला की हलायचा प्रश्नच नाही.

सकाळी उंचवट्यावर स्टँड उभा राहतो न राहतो, तोच पलीकडून काटेवाले रस्ता ओलांडून लंगडत आले.

"हे काय? स्टँड हलव."

"का बरं?"

"वळणावर रस्त्याकडेला काही उभं करायचं नाही. वाऱ्याने आडवं झालं, रस्त्यावर आलं, म्हणजे? नियम आहे."

"अहो, आजच्या दिवस! धरून ठेवते मी."

"नियम म्हणजे नियम," काटेवाले म्हणाले. "कुणी बघितलं तर म्हणेल, झेंडेवाल्याच्या बायकोला सूट." आणि त्यांनी स्वतःच्या हाताने स्टँडचे पाय मिटून तो झाडामागे नेऊन ठेवला. बाईंना म्हणावंसं वाटलं, अहो, तुमच्यासाठीच आणलाय तो. पण तसं म्हटलं असतं तर जुन्या पट्ट्यांचंही सांगावं लागलं असतं.

पहिली फेरी सुरू झाली. बाईंनी नवऱ्यावर कॅमेरा धरला, कोपर बरगडीला घट्ट लावलं, पाय रोवले. गाडीचा आवाज आला. गाडी आली. आणि हात गेला! मेंदू म्हणत होता थांब, पण कंबर आपली गाडीबरोबर वळली, बोटाने वळता वळता बटण दाबलं, वर गाडीला पुढे पोचवूनही आली. पडद्यावर बघितलं तर न्यायाधीशांची गाडी, नटबोल्टासकट. मागे पिवळा पट्टा.

पुढच्या गाडीला तेच, त्याच्या पुढच्याही. बाईंनी दात आवळले, श्वास रोखला, एकदा तर डोळे मिटून बटण दाबलं. तरी हात गेलाच. इतकी वर्षं घासून घासून बसवलेली सवय. ती काय एका सकाळीत निघते? आवाज चढायला लागला की खांदा आपोआप तयार व्हायचा. बाईंना रडावं की हसावं कळेना. आपल्या खोलीत येऊन हलणाऱ्या पेशंटांना आपण किती बोललो, हेही त्यांना त्या वेळी आठवलं, आणि ते आठवणं काही सुखाचं नव्हतं.

मग त्यांनी गाड्या नसताना प्रयत्न केला. पण गाड्या नसताना काटेवाले पालथ्या घातलेल्या ड्रमवर बसत, झेंडा मांडीवर आडवा, आणि संत्रं सोलत. तो काही कामावरचा फोटो म्हणता आला नसता. शिवाय कॅमेरा आपल्याकडे वळलेला दिसला की ते हात हलवून ओरडत, "अगं, मला काय टिपतेस? बॅटरी घालवशील! आता येतील गाड्या!"

अशी शेवटची फेरी आली. बाईंनी मनातल्या मनात आशा सोडून दिली होती. सेक्रेटरींना काय सांगायचं, याची जुळवाजुळव त्या करू लागल्या होत्या. सगळं कॉम्प्युटरवरून पुसलं गेलं म्हणावं. पण काटेवाल्यांना काय सांगायचं, ते काही जुळत नव्हतं.

ते वळण आंधळं होतं. वरून येणाऱ्याला डोंगराच्या कडेमुळे वळणापलीकडचं काही दिसत नसे. थेट डोक्यावर आल्यावरच कळायचं. क्रीम रंगाची सेडान आली ती अशीच, नेहमीपेक्षा जास्त जोरात. भावाची शेवटची फेरी म्हणून नणंदेच्या अंगात आलं असावं. बाईंचा खांदा वळायला लागलाही होता. तेवढ्यात गाडीचं मागचं चाक कडेच्या खडीत गेलं, शेपटी बाहेर फेकली गेली, गाडी स्वतःभोवती एक गिरकी घेऊन टायरांच्या ढिगावर आदळली आणि रस्त्यात आडवी होऊन बंद पडली. आत नणंद. वरून पुढच्या गाडीचा आवाज यायला लागला होता.

बाईंनी काटेवाल्यांकडे बघितलं. ते बहिणीकडे धावतील असं कुणालाही वाटलं असतं. सख्खी बहीण होती, आईने जिच्यासाठी इथे उभं केलं होतं ती. ते धावले उलटीकडे. गाडीकडे पाठ करून, चढावर, येणाऱ्या आवाजाच्या दिशेने, उलगडलेला झेंडा डोक्यावर नाचवत. सकाळी रस्ता ओलांडताना लंगडणारा माणूस आता जीव खाऊन पळत होता. पडले तर? गुडघा मोडला तर? समोरची गाडी थांबलीच नाही तर? बाई कॅमेऱ्यातून बघत होत्या हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं. कंबर वळत होती. हात जात होता. पण या वेळी तो नवऱ्याबरोबर जात होता. पावलागणिक पाऊल, झेंड्याबरोबर, त्यांना वर पोचवेपर्यंत.

वरची निळी गाडी करकचून ब्रेक मारत कडेवरून आली, झेंडा बघून वाकडी झाली आणि क्रीम गाडीच्या अलीकडे, टायरांचा वास सोडत थांबली. त्यामागची त्यामागे थांबली. कुणालाही काही झालं नाही. बाईंचा जीव भांड्यात पडला, आणि त्या तिथेच गवतात बसल्या.

नणंद दार ढकलून बाहेर आली ती कपाळाला टेंगूळ आणि तोंडाचा पट्टा घेऊनच. "दादा! सख्खी बहीण गाडीत अडकलीय आणि तू पाठ दाखवून पळालास?"

काटेवाले रस्त्याच्या कडेला दगडावर बसले होते, गुडघा दोन्ही हातांनी दाबून धरत. त्यांनी आधी धाप ओसरू दिली. मग म्हणाले, "तू कुठे जाणार होतीस? येणारा येत होता."

नणंदेने वरच्या आंधळ्या कडेकडे बघितलं. मग भावाशेजारी जाऊन बसली आणि त्याचा गुडघा चेपायला लागली. थोड्या वेळाने बाई आल्या, तेव्हा तिचा पट्टा पुन्हा सुरू झाला. "वहिनी, निदान माझा फोटो तरी आला का? एवढी गिरकी मारली!"

बाईंनी कॅमेऱ्याचा पडदा पुढे केला. नणंदेने डोळे बारीक केले. "यात माझी गाडी कुठाय?"

"ही काय मागे," बाई म्हणाल्या. "क्रीम रंगाचा फराटा."

संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी काटेवाले एक पाय खुर्चीवर पसरून, गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवून बसले होते. बाईंनी कॉम्प्युटरवर फोटो मोठा करून त्यांच्यासमोर ठेवला. मागे सगळं आडवं वाहून गेलेलं, आणि मधोमध ते. उघडं तोंड, ताणलेली मान, डोक्यावर फडफडणारा पिवळा झेंडा, हातावरची शीर न् शीर. काटेवाल्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं.

"टोपी वाकडी झालीय," ते म्हणाले. मग म्हणाले, "चांगला आलाय."

आता बाईंना राहवेना. "अहो, एक सांगते. जुन्यांत तुमचा एकही नाही. मला वाटलं होतं असतील, पण एकही नाही. सगळीकडे गाडी आहे आणि मागे नुसता पिवळा पट्टा. मी तुम्हाला आठवडाभर खोटं सांगत होते."

"पट्टा ना?" काटेवाले म्हणाले. "माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"तू दर वर्षी फोटो मांडायचीस ना इथे. गाडी बघून झाली, की मी मागे बघायचो. पिवळं दिसलं की कळायचं, हां, हा मी."

"मग सेक्रेटरींना ढीगभर आहेत म्हणून कशाला सांगितलंत?"

"आहेतच की ढीगभर. प्रत्येकात आहे. मला ओळखू येतो." त्यांनी चष्मा काढला. "भिंतीवर लावायचा म्हणजे तो दुसऱ्यांनाही ओळखू यायला पाहिजे, हे त्या वेळी लक्षातच आलं नाही."

यावर दुसरी कुणी हळवी झाली असती. बाई भडकल्या. इतकी वर्षं हा माणूस चष्मा लावून त्या पट्ट्यांत स्वतःला शोधत बसला आणि वर "हिरवी चांगली आलीय" म्हणून उठून गेला! "तोंड शिवलं होतं का तुमचं? एकदा, एकदा तरी म्हणायचं होतं, की बाई गं, माझाही एक काढ! मी नाही म्हणाले असते का?"

काटेवाल्यांनी गुडघ्यावरची पिशवी सारखी केली. "नसतीस म्हणाली. काढला असतास. पण तेवढ्यात एखादी चांगली गाडी निसटली असती, आणि मग घरी येऊन चार दिवस तोंड पाडून बसली असतीस."

हे अक्षर न् अक्षर खरं होतं. बाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यांनी ते थांबवलंही नाही.

"अगं, आता हे काय?" काटेवाले गडबडून गेले. "गुडघा माझा दुखतोय, आणि रडतेस तू?"

बाईंनी पदराने नाक पुसलं. मग खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसल्या, आणि सेक्रेटरींना पाठवायच्या आधी त्यांनी तो फोटो आणखी मोठा केला, चेहरा पडदाभर होईपर्यंत.